डावी बाजू बाबांची

२ फेब्रुवारी, सोमवार

घाबरले! भर दुपारी, पडदे उघडे, आतल्या खोलीत आईच्या शिलाई मशीनचा खडखडाट चालू — आणि मी टीव्हीला घाबरून दोन्ही पाय सोफ्यावर घेतले.

हे सगळं संपादकांमुळे. "तू जन्मात कधी गेम खेळली नाहीस ना? मग तूच लिही. महिनाभर खेळ, मग मागे वळून बघ. तुला कायम काहीतरी वेगळं हवं असतं, हे घे वेगळं." टोमणा होता. माझी मागची गोष्ट — शेवटच्या वाक्यापासून पहिल्यापर्यंत उलटी लिहिलेली — त्यांनी छापली खरी, पण त्यांना स्वतःला कळली नव्हती म्हणे. मी हो म्हणाले. टोमण्याला मी नेहमी हो म्हणते आणि मग घरी येऊन रडते.

दादा परगावी नोकरीला गेला, त्याचा गेमचा डबा इथेच राहिला. त्याला फोन केला. "खाणीचा लाव. दोघांचा आहे. पण तू भित्री भागूबाई, पाच मिनिटांत बंद करशील."

बंद पडलेली खाण. धुकं. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात पहार. कंदीलवाल्याला मारता येत नाही, पहारवाल्याला कंदिलाशिवाय दिसत नाही. आणि धुक्यातून ते येतात — तोंडाच्या जागी नुसती कातडी. मी त्यांना मुके म्हणते. मुके काही करत नाहीत, फक्त येऊन खांद्यावर हात ठेवतात. की संपलं! एक पडला की दोघंही पुन्हा पहिल्यापासून.

पाच नाही, सात मिनिटं टिकले.

४ फेब्रुवारी, बुधवार

किंचाळले. मुक्याला नाही, बाबांना! मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही.

"काय चाललंय, लेखिकाबाई?"

"काम."

"हे काम? मग मी इतकी वर्षं उगाचच शिडी चढतोय."

बाबा टॉवर क्रेन चालवतात. त्यांची क्रेन जुन्या इमारतीवरून सोडवून नव्या जागी उभी करतायत, ती उभी राहीपर्यंत बाबा घरी. सुट्टी त्यांना मानवत नाही. आल्या आल्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता. आता बिघडलाय.

त्यांच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. त्यावरचे दोन छोटे दांडे बघून त्यांचा चेहराच बदलला. "अरेच्चा, हे तर आमचंच!" केबिनमध्येही असेच दोन दांडे असतात — एकाने क्रेनचा हात फिरवायचा, दुसऱ्याने आकड्याला लटकलेलं वजन वरखाली करायचं. आणि मग मी बघतच राहिले. ते जाडजूड अंगठे, इतके हळू, इतके अलगद! माझा माणूस दर दोन पावलांनी भिंतीला थडकत होता. बाबांचा माणूस अंड्यांवरून चालल्यासारखा.

वाटणी झाली. पहार त्यांची, कंदील माझा. सोफ्याच्या डाव्या टोकाला बाबा बसतात, तर पडद्याची डावी बाजू बाबांची, उजवी माझी. माझ्या बाजूला मुका दिसला की मी ओरडायचं. त्यांच्या बाजूचा ते बघून घेणार.

"आणि तुमच्या बाजूने आला आणि तुम्ही बघितलंच नाही तर?"

"अगं, मी वरून खालच्या माणसाच्या बुटाची नाडी सुटलेली ओळखतो."

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिली गुहा पार! बाबा शेजारी असले की भीती अर्धी होते. मुके तोंडाने गप्प, पण पाय घासत येतात — खर्र... खर्र... बाबांना तो आवाज माझ्याआधी येतो. डावीकडे खर्र झालं की पहार फिरलीच. काय ते कान!

आई दारातून: "अहो, दोरा ओवून द्या जरा." बाबा गेम थांबवतात, सुई उजेडाकडे धरतात, एका झटक्यात दोरा आरपार. आई दिवसभर लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते, चष्मा लावूनही तिला सुईचं भोक सापडत नाही. हे काम घरात बाबांचं. कायमचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. कडेवर बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "रागावू नका हं, पण तुम्ही फरशी खरवडताय का? सारखं खर्र खर्र. हा दचकून उठतो."

बाबांनी जाऊन स्वतः टीव्हीचा आवाज बंद केला. बाळाच्या नाकाला बोट लावून म्हणाले, "झोप रे साहेबा, मुके आता खरोखरचे मुके."

११ फेब्रुवारी, बुधवार

आवाज गेला की भीती कमी होईल वाटलं होतं. वाढली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हरलो. परत हरलो. दर वेळी बाबांच्या बाजूने. मुका येतो, शांतपणे बाबांच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो, खेळ खलास. मला कळतच नाही कधी आला, मी माझ्या बाजूला डोळे लावून बसलेली असते.

आता कळलं मला! जुनी खोड. लहानपणी पत्ते खेळताना बाबा हुकुमाचं पान हातात ठेवून हरायचे. बुद्धिबळात वजीर नेऊन दादाच्या घोड्यासमोर उभा करायचे आणि वर "अरे बापरे!" म्हणायचे. बॅडमिंटनमध्ये फूल अगदी पायाशी पडू द्यायचे. आमच्या घरात बाबांना हरवणं ही काही कामगिरीच नव्हती, बाबा हरायचेच. आईचं म्हणणं: "हा माणूस वर चढून कंपनीला हरवतो आणि घरी येऊन पोरांपुढे हरतो."

पण इथे आपण एकाच बाजूला आहोत ना! ते हरले की मीही हरते. मग मुद्दाम हरून काय फायदा?

बहुतेक त्यांना महिना लांबवायचाय. माझ्यासोबत बसायला मिळतं म्हणून. हे लिहिताना बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. "अजून दुसऱ्याच गुहेत? मी एका दुपारी संपवली होती."

"बाबा मुद्दाम हरतात."

"मग तुला अजून फ्रॉकातली समजतात." हसला.

फोन ठेवल्यावर बाबांना सरळ सांगितलं: मी मोठी आहे, नीट खेळा. बाबा जरा चमकले. "नीटच खेळतोय गं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज बाबांनी शिवी दिली.

दुसऱ्या गुहेचं तोंड समोर दिसत होतं. प्रकाशाची फट. बाबा पुढे वाकलेले, जीभ दातांत. "आलो आलो आलो —" आणि डावीकडून हात. खांद्यावर. बाबांनी कंट्रोलर मांडीवर आपटला आणि इतकी घाण शिवी दिली की आतलं मशीन थांबलं!

"अहो!" आई.

"सॉरी, सॉरी."

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुताना हसू थांबलं. मुद्दाम हरणारा माणूस शिवी देत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज मी पडद्याकडे बघितलंच नाही. बाबांकडे बघत बसले. माझा माणूस कंदील घेऊन भिंतीला तोंड करून उभा.

डोळे पडद्यावर खिळलेले. पापणी लवत नव्हती. लक्ष पूर्ण. मी मान फिरवून पडद्याकडे बघितलं — मुका खालच्या डाव्या कोपऱ्यात कधीचा उभा होता. कंदिलाच्या उजेडात, स्पष्ट. आंधळ्यालाही दिसेल असा. हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं.

बाबा त्याच्याकडे बघत होते आणि बघत नव्हते.

जेवताना पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. मुद्दाम. देवा, मी हे काय करतेय — पण ठेवला. हात गेला, पेला लवंडला. आई म्हणाली, "झालं! आजचा कोटा पूर्ण." बाबा हसले. आम्ही सगळेच हसलो. पेले सांडणं, चौकटीला खांदा आपटणं हे बाबांचं घरातलं सोंग आहे, कित्येक वर्षांचं.

कित्येक वर्षांचं?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शिट्टीकाका आले होते. क्रेनच्या खाली उभे राहून बाबांना इशारे करणारा माणूस. वॉकी-टॉकी असतो, पण त्यांचा भरवसा दोन बोटं तोंडात घालून मारलेल्या शिट्टीवर. साइटवर सगळे त्यांना शिट्टीच म्हणतात, बाबांना उस्ताद.

"उस्ताद, क्रेन उभी राहिली. पुढच्या सोमवारी सामानसुमान तपासतील आणि दोन तारखेला तू वर."

बाबांचा चेहरा असा उजळला! महिनाभर हा चेहरा कुठे होता? म्हणाले, "चला, सुटलो. खाली राहिलं की सगळे अहो-जाहो करतात. वर कोणी अहो म्हणत नाही, वर नुसता मी आणि आकडा."

चहा पिताना शिट्टीकाका गंमत म्हणून सांगायला लागले. जुन्या साइटवरची गोष्ट. सळयांचा गठ्ठा खाली येत होता, काका नेहमीच्या जागी उभे होते, आणि गठ्ठा सरळ त्यांच्याकडेच. "मी शिट्टी मारली म्हणून वाचलो बाई. नाहीतर आज माझ्या फोटोला चहा पाजला असतास."

"वारा होता," बाबा म्हणाले.

"हो, वारा होता," काका म्हणाले.

"नेहमीची जागा म्हणजे कुठली, काका?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"आकड्याच्या डाव्या अंगाला. का गं? गोष्टीत घालतेस की काय मला? घाल, पण जरा देखणा कर."

हसले. कपबशा आत नेल्या. ओट्याला धरून उभी राहिले. त्याच कपबशा दोनदा विसळल्या.

शिट्टी. शिट्टी ऐकून बाबा थांबतात. आवाज असला की त्यांना कळतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबांना वर्तमानपत्र खोलीच्या या टोकापासून वाचायला लावलं. "माझा चष्म्याचा नंबर आलाय का बघतेय, तुम्ही पण वाचा." धडाधड वाचलं. बारीक जाहिरातींसकट. दरवर्षी कंपनीत तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात, बाबा शेवटची ओळ उलटीही वाचून दाखवतात म्हणे. डॉक्टर हसतो आणि सही करतो.

मग मला वेड लागलंय का? ज्याला सुईचं भोक दिसतं त्याला समोरचा राक्षस दिसत नाही?

समोरचा नाही. बाजूचा.

मी भित्री आहे. भित्र्या माणसाला सगळीकडे काहीतरी दिसतं. हे मी स्वतःला दिवसभर सांगितलं. संध्याकाळी बाबा बाल्कनीतून आत आले आणि चौकटीला डावा खांदा लागला. मी बघितलं की ते चौकटीकडेच तोंड करून चालत होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आईला सांगितलं. ती उसवत होती, हात थांबले नाहीत.

"त्यांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? माझी सुई कोण ओवतं?"

"आई, समोरचं दिसतं त्यांना. बाजूचं —"

"तुझ्या त्या गेमनी तुझंच डोकं फिरलंय."

"शिट्टीकाका मरता मरता वाचले, आई."

आता हात थांबले. दोरा दातांनी तोडला. मग अगदी हळू, जणू भिंतीला ऐकू जाईल: "मागे एकदा रस्ता ओलांडताना सायकलवाला आला. मी ओढलं म्हणून. मला म्हणाले, तुझ्याशी बोलण्याच्या नादात होतो." थांबली. "बोलत नव्हते गं. गप्पच होतो आम्ही."

आईला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मशीनमध्ये बोट शिवलं गेलं तेव्हाही नाही.

"तू त्यांना काही बोलू नकोस," ती म्हणाली. "क्रेन उभी राहिलीय. बघ कसे खूश आहेत."

२५ फेब्रुवारी, बुधवार

बोलले नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि म्हटलं: चहा ठेवू?

चहा पिऊन पिऊन बाबांना पित्त झालंय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गेममध्ये झालेला खेळ परत बघता येतो. दादाने फोनवर बटण सांगितलं, कशासाठी हवंय ते विचारलं नाही.

"बाबा, एक दाखवायचंय."

लावलं. बाबांचा माणूस, माझा माणूस, धुकं. बाबा मजेत. "हा बघ, किती सफाईने वळवला." मग मुका आला. खालच्या डाव्या कोपऱ्यात. येऊन उभा राहिला. एक पाऊल. थांबला. एक पाऊल. मी पडद्याकडे नाही, बाबांकडे बघत होते. चेहऱ्यावर तेच कौतुकाचं हसू. मग हात खांद्यावर.

"हा कुठून आला?"

"तो मघापासून तिथेच होता."

"काहीतरीच. एकदम आला."

परत लावलं. "बाबा, आता तुमच्या माणसाकडे नाही, खाली डावीकडे बघा. मी बोट ठेवते तिथे." डोळे वळवले त्यांनी. आणि दिसला. दिसला! मी त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसताना बघितला.

"हे तू नंतर घातलंस."

"मला असलं काही येत नाही, बाबा. मला अजून दार उघडायचं बटण सापडत नाही."

"परत लाव."

लावलं. माणसाकडे बघितलं की मुका नाही. मुक्याकडे बघितलं की आहे. परत लाव. परत लाव. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःचा डावा हात नाकासमोर धरला आणि हळूहळू बाजूला, खाली नेला. बघत राहिले. मी तिथून उठायला हवं होतं. उठले नाही.

मग बाबा हसले. "अगं वेडे, मी मुद्दाम हरत होतो. तुला बरं वाटावं म्हणून. मी नाही का नेहमीच —"

"बाबा."

"मुद्दामच, गं."

आणि इतकं मनापासून मला ते खरं मानायचं होतं! अजूनही मानायचंय. हातातला कंट्रोलर त्यांनी टेबलावर ठेवला, नीट, अलगद, वजन जमिनीला टेकवतात तसा. आत गेले. दार लावलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आज खेळायला बसले नाहीत. बुटांना पॉलिश केलं. दोनदा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

महिना संपला. संपादकांचा निरोप: "झालं का मागे वळून बघून?"

बसले लिहायला. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. ‘महिनाभर मी पडद्याकडे बघत होते.’ खोटं. पडद्याकडे आधी बघितलं, नंतर फक्त बाबांकडे. ‘गेमने मला धीट बनवलं.’ याहून मोठं खोटं नाही. महिन्याच्या सुरुवातीला मी बिनतोंडाच्या बाहुल्यांना घाबरत होते, आता सोमवारला घाबरते.

एकच खरं सुचतंय. आम्ही बाजू वाटून घेतल्या. डावी तुमची, उजवी माझी. आणि एकदा वाटून घेतलं की माणूस दुसऱ्याच्या बाजूकडे ढुंकून बघत नाही. तिथे कोणीतरी आहे ना बघायला! घरातही तेच. डोळ्यांचं खातं बाबांचं. आई शिवणार, मी लिहिणार, दादा कमावणार आणि बाबा बघणार. म्हणून बाबांना दिसतंय का हे कोणी बघितलंच नाही.

हे संपादकांना देता येणार नाही. हे कोणालाच देता येणार नाही.

आज जेवताना बाबांनी पेला स्वतःच उचलून उजवीकडे ठेवला. आईने बघितलं, मी बघितलं. म्हणजे त्यांना माहितीये. माहीत असूनही सोमवारी जाणार. मला त्यांचीच भीती वाटायला लागलीय. माझ्या बाबांची!

१ मार्च, रविवार

आता सांगेन, आता सांगेन. सांगितलं: "बाबा, उद्या जाऊ नका."

"आकडा कुठे आहे ते मला हातांना कळतं. डोळे मिटून कळतं."

"आणि शिट्टीकाका?"

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आम्ही दोघंही त्या पानाकडे बघत बसलो.

२ मार्च, सोमवार



सकाळी बाबा डबा घेऊन निघाले. मी तशीच, घरातल्या कपड्यांत, पायात आईच्या चपला, मागे. साइटच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं, डोक्यावर एक पिवळं हेल्मेट दाबलं, ते नाकापर्यंत आलं. बाबा तोवर शिडीवर. क्रेनच्या लोखंडी खांबाच्या आतून चढत होते, वर वर, मुंगीएवढे. शिडीवर मात्र चूक नाही. प्रत्येक पायरी हाताला माहीत.

शिट्टीकाका दिसले. जमिनीवर चुन्याची खूण केलेली, तिच्यावर उभे. "काय गं, बापाचा डबा राहिला?"

सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, गेम, मुका, पेला, सायकल, सगळं एकदम. काका आधी हसले. "उस्तादाला दिसत नाही? अगं, उस्तादाला —" आणि मग हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बदलले.

"त्या दिवशी वारा नव्हता," ते म्हणाले. "मी म्हटलं वारा, कारण उस्ताद म्हणाला वारा. वीस वर्षं त्याच्या आकड्याखाली उभा आहे मी. त्याला काय म्हणणार होतो?"

खाली माणसं कामाला लागली होती. एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन खुणेच्या पलीकडून गेली. डावीकडून. तिच्यामागे अजून दोघी, काहीतरी बोलत, हसत. वर केबिनचं दार लागल्याचा आवाज आला. क्रेनचा हात हलला. आकडा सुटून खाली यायला लागला, रिकामा, पण माझ्या तोंडातून आवाजच निघेना. किंचाळणारी मी!

काकांनी वॉकी तोंडाशी धरला.

"उस्ताद, वारा सुटलाय. उतर."

खरखर. मग बाबांचा आवाज: "कुठाय वारा?"

फाटकावर बांधलेलं कापड लोंबत होतं. पानही हलत नव्हतं. वरून त्यांना ते दिसत असणार, समोरच होतं.

"आहे. उतर, भाऊ."

उस्ताद नाही म्हणाले काका. भाऊ म्हणाले. आकडा जिथे होता तिथेच थांबला. किती वेळ कोण जाणे. मी आईच्या चपलांकडे बघत राहिले, त्यातून माझ्या टाचा बाहेर आलेल्या. मग वर दार वाजलं.

खाली यायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हेल्मेट काढून काकांच्या हातात दिलं. काका म्हणाले, "वारा पडला की बघू." बाबांनी मान हलवली. माझ्याकडे वळले. मला वाटलं आता मारतील. आयुष्यात कधी मारलं नाही, तरी वाटलं.

"चल घरी. आणि हे हेल्मेट परत कर, टोपल्यासारखं दिसतंय."

चौकात बाबा थांबले. मला डावीकडे घेतलं आणि माझी बाही चिमटीत धरली. रस्ता ओलांडला तरी सोडली नाही.

४ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरबाई तरुण आहेत, बोलताना पेनचं टोपण उघडझाप करतात. पुढच्या खोलीत एक मशीन. पांढरं, आतून पोकळ, मोठ्या वाडग्यासारखं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आत कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

"हा तर गेमच की!" बाबा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा आवाज मोकळा होता. मला आणि आईला बाहेर बसवलं. आतून बटणाचा टिक-टिक आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग परत टिक. आईने माझा हात धरला होता, सुईने खडबडीत झालेली तिची बोटं. त्या शांततेत काय होतं ते आम्हा दोघींना कळत होतं. आत बसलेल्याला नव्हतं.

बाबा बाहेर आले ते छाती काढून. "एकही सोडला नाही! विचार त्यांना."

डॉक्टरबाईंनी छापलेला कागद टेबलावर ठेवला. दोन वर्तुळं. डावीकडे, खाली, दोन्हींत, शाई सांडल्यासारखं काळं.

"इथेही दिवे लागले होते," त्या म्हणाल्या.

"कधी?" बाबांनी विचारलं.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, नस मरते, कडेपासून. दुखत नाही, खुपत नाही. आणि अंधारही दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिथे काळं दिसत असेल. "नाही हो. मेंदू आजूबाजूचं बघून रिकामी जागा भरतो. भिंत असेल तर भिंत, धुकं असेल तर धुकं. म्हणून माणसाला कळतच नाही." गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंब घालून टिकवायचं, रोज, जन्मभर.

"तक्ता मी आत्ताही वाचून दाखवतो," बाबा म्हणाले. "शेवटची ओळ. उलटी."

"वाचाल तुम्ही. मला माहितीये."

"मग क्रेन?"

डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण लावलं. मान हलवली. फार हळू. आई छताकडे बघत होती. बाबा कागदावरच्या काळ्या भागावर बोट फिरवत होते, तिथे काही हाताला लागतंय का बघत असल्यासारखे.

घरी आल्यावर आईने सुई पुढे केली. काही न बोलता. बाबांनी उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात ओवली.

मी संपादकांना कळवलंय, जमणार नाही. बाबा जिवंत, शिट्टीकाका जिवंत, त्या घमेलंवाल्या बायका जिवंत. आज महिन्यात पहिल्यांदा छातीतलं ते धडधडणं थांबलंय.

५ मार्च, गुरुवार

घरात एकाला काचबिंदू असला की मुलांचेही डोळे बघतात म्हणे, नुसती खात्री म्हणून. गेले. हनुवटी टेकवली, बटण दाबलं. सोपं होतं, एकही दिवा सुटला नाही. कागद बाहेर आला. डॉक्टरबाई बघत राहिल्या, टोपण उघडलं, लावलं, उघडलं. मग म्हणाल्या, "डावा डोळा परत एकदा करूया का?"

बाबांचाही एकही सुटला नव्हता.